केडगावचे प्रार्थनागृह आणि पंडिता रमाबाई

पणदऱ्याहून मोरगाव, सुपे, चौफुला असे गेले की केडगाव येते. तेथे मुक्ती मिशनचे जुने प्रार्थनागृह आहे. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नाही. तरी ज्यांच्यामुळे ते उभे राहिले त्या पंडिता रमाबाईंची ओळख आपल्या धर्मग्रामातील तरुणांना असावी, म्हणून आम्ही या रविवारी त्यांचे स्मरण करीत आहोत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते मुलीला दिले. तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. १८७४ साली आईवडील गेले, मागोमाग बहीणही. पुढे कलकत्त्यात पंडिता ही पदवी मिळाली, विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. कडेवर तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात असताना त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्मगुरूंना प्रश्न विचारणे काही सोडले नाही.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. हे शहर क्वेकर पंथाच्या विल्यम पेनने वसवलेले. आनंदीबाईंचे महाविद्यालयही १८५० साली क्वेकर मंडळींच्या पाठबळावर निघाले होते. त्यांच्या जुन्या सभागृहांत ना वेदी, ना धर्मगुरू. सारे मुकाट बसतात. ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलावे, मग ती बाई का असेना. मिस्साविना उपासना आपल्याला सुनी वाटेल खरी, पण स्त्रियांना बोलू देण्यात ही मंडळी फार पुढे होती.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. कोणाच्या धर्मात हात घालणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. पण आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करताना त्या दार लावत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. आम्हाला वाटते, पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. पुढे सदनातल्या अनेकींनी बाप्तिस्मा घेतलाच. पण रमाबाईंनी दार लावले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमार त्यांनी स्वतः भोगली होती. तेथून आणलेल्या मुलींना फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर आसरा मिळाला. तेच मुक्ती सदन. १९०५ साली तेथे शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, क्वेकरांच्या मौनाच्या अगदी उलट!

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणू लागल्या. सदनाच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. १९२१ साली मनोरमा गेली. लेकीमागे रमाबाईंनी भाषांतराचे उरलेले काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच डोळे मिटले.