विनू मंकड : सरांनी सांगितलेले

आपल्या वर्गात विनू मंकड म्हणजे फक्त 'मंकडिंग'. समोरचा गडी रेषेबाहेर दिसला की आपण तेच ओरडायचो. १९४७ मध्ये सिडनीला त्यांनी बिल ब्राऊनला तसं धावबाद केलं खरं, आणि ते नियमात बसणारंच होतं. पण आम्हा सलामीवाल्यांना सरांनी त्यांची दुसरीच हकिगत सांगितली.

जामनगरच्या मंकडांचं पोट क्रिकेटवर होतं. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात आपली जागा नक्की आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. हमी मिळेना, म्हणून त्यांनी लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबची नोकरी धरली. त्यात गैर काय होतं, मला अजून कळत नाही. पुढे लीड्स कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचे शून्यावर चार गडी गेले आणि लॉर्ड्ससाठी क्लबकडे त्यांनाच मागावं लागलं. सलामीला ७२, मग ७३ षटकं टाकून ५ बळी, पुन्हा सलामीला १८४! सामना आपण हरलोच.

जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉयबरोबर ४१३ ची सलामी दिली, त्यात मंकडांच्या २३१. तो विक्रम ५२ वर्षं टिकला. कसोटीत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर ते खेळले. १९७८ मध्ये मुंबईत वारले.

मी पॅड बांधत असताना सर हे सगळं ऐकवायचे. मी बहुधा दुसऱ्याच षटकात परत यायचो.