राणीचे पेन्शन

नोव्हेंबर उजाडला की कोपरखैरण्यात बँकांच्या दारात हयातीचा दाखला द्यायला आलेल्या आजीबाई दिसू लागतात. त्यांतल्या कितीतरी जणींचे पेन्शन स्वतःच्या नोकरीचे नसते. यजमानांच्या माघारी मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन असते. मला अशा वेळी झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आठवतात. त्यांची तलवार आपण शाळेत शिकलो. पेन्शनची हकीगत सहसा कोणी सांगत नाही.

मोरोपंत तांब्यांची ही मनू वाढली तीच पेन्शनवरच्या वाड्यात. ब्रह्मावर्ताला दुसरे बाजीराव कंपनीच्या सालिना आठ लाखांवर राहत. १८५१ साली ते वारले आणि दत्तक पुत्र नानासाहेबांना कंपनीने तो तनखा नाकारला. त्याच साली झाशीत लक्ष्मीबाईंना मुलगा झाला, पण चार महिन्यांतच गेला.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी नात्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. दत्तकाची तारीख आजही किती मोलाची असते पाहा. नागपूरच्या एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या पत्नीने पतीच्या मृत्यूनंतर, १९९६ साली, मुलगा दत्तक घेतला. दत्तक कायदेशीर होता. तरी त्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. कुटुंब मोजायचे ते नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने.

झाशीत तर दत्तविधान नवऱ्याच्या हयातीतच झाले होते. तरीही डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. दामोदरराव राज्याला वारस नाही, खाजगी मालमत्तेला मात्र वारस, असा तो न्याय. राणींना दरमहा पाच हजारांचे पेन्शन ठरले. आधी त्यांनी ते घ्यायचे नाकारले. जॉन लँग या वकिलाला बोलावून अर्ज केले. तेही फेटाळले गेले.

पुढचा हिशेब तर फारच विचित्र. राज्याचा वसूल कंपनीकडे, मालमत्ता मुलाच्या नावे, आणि गंगाधररावांचे कर्ज राणींच्या पेन्शनमधून फेडायचे! राणींनी त्याला कडाडून विरोध केला. दामोदररावाच्या मुंजीसाठी त्याच्याच ठेवीतले पैसे मागितले, तेव्हा सरकारने जामीनदार आणायला सांगितले. कालपर्यंत राज्य सांभाळणाऱ्या बाईला आपल्या लेकाच्या मुंजीसाठी जामीन शोधावा लागला. घराघरांतल्या बायकांना हे दुःख चटकन कळेल.

त्यानंतरचे सारे ठाऊकच आहे. १८५७ च्या जूनमध्ये झाशी पेटली. पुढल्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना राणी पडल्या. मोरोपंतांना इंग्रजांनी फाशी दिले. दामोदरराव काही काळ रानोमाळ भटकला, मग शरण आला. त्याला इंदूरला तुटपुंजा तनखा मिळाला. त्यावरच गुजराण करीत तो २८ मे १९०६ रोजी वारला.