तिशी ओलांडल्यावर गोंडी शिकले आणि थेट व्याकरणच लिहिलं : सेतुमाधवराव पगडी

सेतुमाधवराव पगडी हे नाव घेतलं की इतिहासवाल्यांना आठवतात ती फारसी कागदपत्रं. 'मोगल दरबाराची बातमीपत्रे' मराठीत आणणारे, खाफीखान आणि भीमसेन सक्सेना यांचे फारसी ग्रंथ मराठी वाचकापर्यंत पोहोचवणारे, शिवचरित्रकार पगडी.

पण याच माणसाने गोंडी आणि कोलामी या दोन भाषांची व्याकरणं लिहिली आहेत, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. या भाषा ते लहानपणी शिकले नव्हते. कॉलेजातही नाही. सरकारी नोकरीत रुळल्यावर, वयाची तिशी ओलांडल्यावर शिकले.

पगडींचा जन्म 27 ऑगस्ट 1910 चा, निलंग्याचा. आज निलंगा लातूर जिल्ह्यात आहे, तेव्हा ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू याव्यात असा हा मुलूख. संस्थानाचा राज्यकारभार उर्दूत चालायचा. पगडी शिकले आणि 1930 च्या दशकात संस्थानाच्या मुलकी सेवेत अधिकारी झाले.

आता जरा नकाशा बघू. चंद्रपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा लागतं. आज हा चंद्रपूर जिल्ह्याचा भाग आहे. पण पगडींच्या काळात नदीच्या अलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि पलीकडे निजामाचा आदिलाबाद जिल्हा, अशी स्थिती होती. राजुरा तालुका आदिलाबादेत होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो आधी नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चंद्रपुरात आला. नदीच्या दोन्ही काठांवर गोंड आणि कोलाम राहत होते. सरकारं वेगळी, माणसं तीच.

या आदिलाबादेत 1940 मध्ये मोठा भडका उडाला. जंगल राखीव करताना गोंडांच्या कसत्या जमिनी गेल्या होत्या, बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या नावावर पट्टे चढत होते. कुमराम भीमू नावाच्या गोंड तरुणाने याविरुद्ध उठाव केला. जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला.

मग सरकारला प्रश्न पडला, हे लोक इतके का चिडले? उत्तर शोधायचं काम क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आलं. दुसरं महायुद्ध सुरू होतं, त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट होता, त्यामुळे इंग्रजांनी त्याला हैदराबाद संस्थानाबाहेर पडायला बंदी केली होती. तो गोंडांच्या गावात जाऊन राहिला. त्याच्या अहवालांनंतर आदिवासींना जमिनीचे पट्टे देणं सुरू झालं. मारलावाई या गावात गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र उभं राहिलं. तिथली गोंडी पुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण या भागातल्या गोंडांचा मराठीशी जुना संबंध होता.

याच 1940 च्या दशकात पगडी आदिलाबादेत अधिकारी म्हणून आले.

अडचण कुठे होती ते बघा. जमिनीचा वाद म्हणजे हद्द कोणती, कधीपासून कसतोय, कोणी काय कबूल केलं, याचे बारकावे. गोंड माणूस ते गोंडीत सांगणार, कागद उर्दूत होणार आणि मधल्या माणसाने जे सांगितलं तेच साहेबाला कळणार. तो मधला माणूस सावकाराच्या बाजूचा असला, तर जमीन गेलीच. पगडींनी मधला माणूस काढून टाकायचं ठरवलं आणि गोंडी शिकायला घेतली.

इथे त्यांचं जुनं भांडवल कामी आलं. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा, म्हणजे कानडी आणि तेलुगूची बहीण. एक, दोन, तीन, चार हे गोंडीत उंदी, रंड, मूंद, नालुंग. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. तेलुगूत दोनला रेंडु, चारला नालुगु. गोंडीत पाण्याला एर म्हणतात, तेलुगूत एरु म्हणजे ओढा किंवा नदी. नुसती मराठी येणाऱ्याला जी भाषा पूर्ण परकी वाटते, ती कानडी-तेलुगू जाणणाऱ्याला अर्धी ओळखीची लागते.

उरलेली अर्धी मात्र घाम काढते. मराठीत तीन लिंगं, गोंडीत दोनच. पुरुष एका बाजूला आणि बायका, जनावरं, वस्तू सगळं दुसऱ्या बाजूला. मराठी डोक्याला हे पचायला वेळ लागतो.

पगडी बोलण्यापुरतं शिकून थांबले नाहीत. 1949 च्या सुमारास आदिलाबादच्या गोंडांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात कोलामीचं आणि गोंडीचं अशी दोन व्याकरणं आली. पुढे बरो आणि एमेनो या विद्वानांनी ऑक्सफर्डहून द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश काढला. त्यात गोंडी आणि कोलामी शब्दांपुढे पगडींच्या व्याकरणांचा हवाला सापडतो. हा कोश जगभरचे भाषाशास्त्रज्ञ आजही वापरतात.

राज्य पुनर्रचनेनंतर पगडी मुंबईत आले. महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचं काम त्यांनी सांभाळलं आणि मोगल-मराठा इतिहासात बुडून गेले. 1992 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1994 मध्ये ते गेले. 'जीवनसेतू' हे त्यांचं आत्मचरित्र.

मग एका अधिकाऱ्याने भाषा शिकून सगळं बदललं का? नाही. पुढच्या दशकांत आदिलाबादच्या गोंडांच्या बऱ्याच जमिनी पुन्हा बाहेरच्यांकडे गेल्या. हायमेनडॉर्फने हे नंतर स्वतःच लिहून ठेवलं. पगडींची बदली झाली की त्यांची गोंडीही त्यांच्याबरोबर जाणार होती. खुर्ची तिथेच राहिली, आणि त्या खुर्चीवर पुढे बसणाऱ्याला गोंडी येईलच असं नव्हतं.

2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांहून जास्त आहेत, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच सुरू केली.

चंद्रपूर-गडचिरोलीत आजही बदली होऊन नवे अधिकारी, शिक्षक, डॉक्टर येतात. मोठ्या वयात नवी भाषा कुठे जमणार, असं त्यातल्या कुणाला वाटलं, तर पगडींची ही दोन व्याकरणं दाखवता येतील.