देवासचे तिसरे तुकोजीराव पवार

माळव्यातील मराठी संस्थानांचा विषय निघाला म्हणजे शिंदे-होळकरांच्या पाठोपाठ धार आणि देवास येथील पवारांचे नाव येतेच. पहिल्या बाजीरावांच्या काळात नर्मदा ओलांडून गेलेल्या सरदारांत पवार मंडळी आघाडीवर होती. धारची शाखा आनंदराव पवारांपासून स्थिरावली. त्या शाखेतील यशवंतराव १७६१ मध्ये पानिपतावर कामी आले. देवास मात्र तुकोजी व जिवाजी या दोघा भावांकडे आले आणि पुढे त्याचे दोन भाग झाले. थोरल्याकडची ती थोरली पाती व धाकट्याकडची ती धाकटी पाती. प्रस्तुत लेखाचे चरित्रनायक श्रीमंत सर तिसरे तुकोजीराव पवार हे थोरल्या पातीचे अधिपती. इंग्रजी साहित्याच्या वाचकांना ते ई. एम. फॉर्स्टर या कादंबरीकाराचे स्नेही म्हणून ठाऊक आहेत. कोल्हापूरकरांना राजर्षी शाहू छत्रपतींचे जामात म्हणून. त्यांच्या खजिन्यातून ज्यांनी पगार घ्यावयाचा, त्या कारकून-शिक्षक-शिपायांच्या दृष्टीने ते राजे म्हणून कसे होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः महाराजांच्या आयुष्याचा शोकान्त त्याच प्रश्नापाशी घडला.

देवासची रचनाच मुळी विलक्षण होती. १८१८ च्या तहात इंग्रजांनी दोन्ही राजांना एकच कारभारी नेमून एकविचाराने राज्य करण्याचे बंधन घातले होते. पण ते फार काळ टिकले नाही. पुढे एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार, दोन न्यायकचेऱ्या आणि दोन फौजा नांदू लागल्या. १९०१ च्या खानेसुमारीत थोरल्या पातीची लोकसंख्या ६२,३१२ होती आणि धाकटीची ५४,९०४. आजच्या एखाद्या तालुक्यातही याहून अधिक लोक राहतात. एवढ्या थोड्या रयतेच्या सारावसुलीवर दिवाणापासून चोपदारापर्यंत सगळा लवाजमा दुहेरी पोसावयाचा होता. तोफांच्या सलामीचा मान दोन्ही पात्यांना पंधरा-पंधरा, धारलाही तेवढाच. मान सारखा असला की थाटही सारखाच हवा असे वाटू लागते, आणि लहान संस्थानांच्या जमाखर्चाला लागलेली ही कीड पुष्कळ ठिकाणी दिसते.

तुकोजीरावांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी सुपे येथील पवार घराण्यात झाला. मूळ नाव केशवराव. घरात व स्नेह्यांत ते बापूसाहेब म्हणून ओळखले जात. १८९९ मध्ये ते देवासच्या गादीवर आले, तेव्हा वय अवघे अकरा वर्षांचे होते. त्याच सुमारास माळव्यात छपन्नचा दुष्काळ पडला. इंदूरच्या डेली कॉलेजात आणि अजमेरच्या मेयो कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्यांना शिक्षक म्हणून लाभलेले माल्कम डार्लिंग हे तरुण सनदी अधिकारी पुढे त्यांचे आयुष्यभराचे मित्र झाले. येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. हेच डार्लिंग पुढे पंजाबात गेले आणि तेथील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर त्यांनी १९२५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो त्या विषयावरील प्रमाणग्रंथ ठरला. कर्जाची मीमांसा करणाऱ्या गुरूचा आवडता शिष्य कर्जातच बुडावा, हा योगायोग खेदजनक म्हटला पाहिजे.

१९०८ मध्ये महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. त्याच वर्षी शाहू महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजेच अक्कासाहेब महाराज, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१० साली पुत्र विक्रमसिंह जन्मास आले. १९११ मध्ये इंग्रज सरकारने महाराजांना सर ही पदवी दिली आणि १९१८ मध्ये महाराजा हा किताब. बुद्धी तल्लख, बोलणे आर्जवी, विनोदाची जाण उत्तम आणि मनुष्य मनाने अतिशय उदार, याविषयी त्यांना जवळून पाहणाऱ्यांचे एकमत आहे. नरेंद्रमंडळाच्या राजकारणात त्यांना गती होती व मराठा इतिहासाचा अभिमान होता. दुर्दैवाने अंदाजपत्रक नावाच्या रुक्ष वस्तूकडे त्यांचे मन कधी वळले नाही.

याच वर्षांत माळव्याचा एक मोठा आर्थिक आधार निखळला. अफू हे येथील नगदी पीक. काळ्या कसदार जमिनीतील खसखशीच्या शेतांवर रयतेचा पैसा आणि दरबारांचे जकातीचे उत्पन्न बऱ्याच अंशी अवलंबून होते. चीनकडे जाणारी अफू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार १९०७ मध्ये झाला आणि १९१३ च्या सुमारास ती निर्यात थांबली. हा निर्णय नीतीच्या दृष्टीने योग्यच होता. पण माळव्यातील संस्थानिकांना आता खर्चाला कात्री लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. काहींनी ती लावली. देवासच्या थोरल्या पातीत मात्र नेमक्या याच काळात नव्या राजवाड्याचे बांधकाम चालू राहिले.

फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस डार्लिंग यांच्या ओळखीने प्रथम देवासला आले आणि १९२१ मध्ये काही महिने महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले. बाग, मोटारी, वीजघर, पाहुणेघर अशी खाती त्यांच्याकडे होती. देवासच्या टेकडीवरील देवीचे नाव त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकास दिले व ते १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्या आठवणींत महाराजांविषयी जिव्हाळा ओसंडतो. त्यांना ते संतच मानीत. तरी त्यांच्या नजरेतून जे सुटले नाही ते बोलके आहे. नवा राजवाडा एका बाजूने बांधून होत होता आणि दुसऱ्या बाजूने पडत होता. विलायती पियानो आणले गेले आणि माळव्याच्या कोरड्या हवेने तडकून निकामी झाले. वाद्य वाजत नसले तरी त्याची किंमत खजिन्यातून गेलेलीच होती. त्या एका रकमेत किती शाळामास्तरांचा किती महिन्यांचा पगार भागला असता, हा हिशोब करणारे कोणी दरबारात नव्हते. असले तरी ते सांगण्याची सोय नसावी.

आणि तरीही त्याच वर्षीच्या गोकुळाष्टमीचे वर्णन वाचताना महाराजांवर रागावणे कठीण जाते. जुन्या राजवाड्यात अनेक दिवस चाललेल्या उत्सवात ते श्रीकृष्णापुढे देहभान हरपून नाचत, अभंग गात. तुकारामांच्या नावाचा गजर माळव्यातील त्या वाड्यात घुमत असे. फॉर्स्टर यांच्या १९२४ सालच्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीचा अखेरचा भाग या अनुभवातूनच आला. महाराजांची भक्ती खरी होती यात शंका नाही. शंका आहे ती उत्सवाचा खर्च कोणत्या खात्यावर पडावा याविषयी.

याचे उत्तर माळव्यातच, देवासपासून जेमतेम पंचवीस मैलांवर, पावणेदोनशे वर्षांपूर्वी दिले गेले होते. होळकरांच्या राज्यात खासगी आणि दौलत ही दोन खाती वेगळी. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर मिळाली, तेव्हापासून राजकुटुंबाच्या दानधर्माचा पैसा तेथून येई. फौज, कचेऱ्या व कारभार यांचा खर्च दौलतीतून. अहिल्यादेवींनी भारतभर घाट आणि मंदिरे बांधली ती खासगीच्या उत्पन्नातून. म्हणूनच त्यांच्या दातृत्वाचा भार सरकारी नोकरांच्या पगारावर पडला नाही. देवासच्या थोरल्या पातीत ही रेघच पुसट होती. राजवाडा, बाग, उत्सव, पाहुणचार, लग्नकार्य आणि दवाखाना, शाळा, पोलीस यांना पाणी एकाच विहिरीतून. विहीर आटू लागली म्हणजे जो मोठ्याने मागू शकतो त्याचा पोहरा आधी भरतो. सावकार तगादा लावी, ठेकेदार काम थांबवी. शाळामास्तर आणि कंपाउंडर यांच्या हाती काय होते?

महाराजांचे सासरे शाहू छत्रपती यांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा शिक्षकांच्या पगाराची तरतूद कोठून होणार याचाही विचार करावा लागला. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून वाचनालयांचे जाळे विणले, त्यातही पैशाची व्यवस्था आधी ठरली होती: गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांना या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावयास नको. धारमध्येही काशिनाथ कृष्ण लेले यांच्यासारखा शिक्षणखात्याचा अधिकारी आपली नोकरी सांभाळून शिलालेखांचा अभ्यास करू शकला. शिळेवर कोरलेले 'पारिजातमंजरी' हे संस्कृत नाटक १९०३ साली तेथे उजेडात आले. लहान संस्थानातही पगारी नोकराच्या हातून केवढे काम उभे राहते याचे हे उदाहरण आहे. तेव्हा देवासचे जे झाले ते लहानपणामुळेच झाले, असे म्हणता येत नाही.

कौटुंबिक दुःखांनी महाराजांचे उरलेले बळ खचविले. अक्कासाहेबांशी फारकत पूर्वीच झाली होती. १९२६ मध्ये युवराजांचा विवाह जतच्या राजकन्येशी झाला. पण १९२७ च्या अखेरीस युवराज वडिलांशी बेबनाव होऊन देवास सोडून गेले, आणि त्या प्रकरणाचा गवगवा सर्वत्र झाला. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले, सारा वसूल होईना. कर्ज डोईजड झाले. आर्थिक कारभाराची चौकशी होऊ द्यावी असा इंग्रज सरकारचा आग्रह सुरू झाला. महाराजांना त्यात आपला व गादीचा अपमान दिसला. भावना समजण्याजोगी आहे. परंतु स्वाभिमानी राजाने आपले हिशोब दुसऱ्याने मागण्यापूर्वीच चोख ठेवावयाचे असतात, असेच कोणीही म्हणेल.

१९३३ च्या अखेरीस महाराज दक्षिणेच्या यात्रेस निघाले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. इंग्रजी हुकूम तेथे चालत नव्हता. परत येण्याविषयी सरकारने बजावले, स्नेह्यांनी विनवले. ते आले नाहीत. कारभार सरकारच्या देखरेखीखाली गेला, महाराजांचा किताब तेवढा राहिला. परक्या मुलुखात, पैशाच्या चणचणीत, उपासतापास करीत त्यांनी अखेरची चार वर्षे काढली. २१ डिसेंबर १९३७ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. वय पन्नास वर्षांचेही पूर्ण नव्हते.

त्यांच्यामागे विक्रमसिंह गादीवर आले. १९४७ मध्ये ते कोल्हापुरास दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती म्हणून ओळखले जाऊ लागले. देवासची गादी त्यांचे पुत्र कृष्णाजीराव यांच्याकडे आली. १९४८ साली मध्यभारत संघ स्थापन झाला, त्यात धार आणि देवासच्या दोन्ही पात्या सामील झाल्या. विलीनीकरणाच्या करारान्वये राजांच्या खासगी खर्चासाठी ठराविक तनखा नेमून देण्यात आला आणि तो राज्याच्या खजिन्याहून अलग ठेवला गेला. दोन राजवाड्यांच्या दोन कचेऱ्यांत खर्डेघाशी करणारे देवासचे कारकून आता एकाच सरकारचे नोकर झाले.