भाड्याचे घर आणि रॉबर्ट वीव्हर यांची मोजपट्टी

शहरात भाड्याचे घर शोधणाऱ्या कुटुंबापुढे दोन प्रश्न असतात. भाडे परवडेल का, हा पहिला. भाडे हातात असूनही मालक घर देईल का, हा दुसरा. सरकारी योजना पहिल्या प्रश्नावर बोलतात आणि दुसऱ्यावर मूग गिळून बसतात. या दोन्ही प्रश्नांशी आयुष्यभर झुंजलेले अमेरिकेतील कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट वीव्हर. मार्टिन ल्यूथर किंग आमच्या चळवळीला ठाऊक आहेत. वीव्हरही ठाऊक असायला हवेत.

वीव्हर यांचा जन्म २९ डिसेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील टपाल खात्यात कारकून. आईचे वडील गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेले, तरी १८६९ मध्ये हार्वर्डमधून दंतवैद्यकाची पदवी घेणारे. नातवानेही हार्वर्ड गाठले आणि १९३४ मध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या आणि १९१७ मध्ये बडोद्यात राहायला खोली न मिळालेल्या बाबासाहेबांची आठवण इथे कोणाला होणार नाही?

रूझवेल्ट यांच्या राजवटीत वीव्हर सरकारी नोकरीत शिरले. सरकारी पैशाने घरे बांधली जात होती, पण ठेकेदार कृष्णवर्णीय कारागिरांना कामावर घेत नसत. भेदभाव करू नये असा हुकूम होता. तो पाळतो कोण? ठेकेदार म्हणे, लायक माणूसच मिळाला नाही. वीव्हर यांनी यावर नामी तोड काढली. त्या शहरात कृष्णवर्णीय कारागीर जितके, त्या प्रमाणात मजुरीचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे. तेवढा मिळाला नाही, तर भेदभाव झाला असे मानले जाईल. झाला नाही हे ठेकेदाराने सिद्ध करावे. ठेकेदाराच्या मनात काय होते हे शोधत बसायचे नाही, हिशेब तपासायचा. आरक्षणाचे मर्म जाणणाऱ्या आमच्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९४८ मध्ये त्यांचे 'द निग्रो घेटो' हे पुस्तक आले. गोऱ्या वस्त्यांतील खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकू वा भाड्याने देऊ नये, अशी अट लिहिलेली असे आणि सरकारचे गृहकर्ज-धोरणही तिला पाठबळ देई. त्यामुळे कृष्णवर्णीय मोजक्या वस्त्यांत कोंडले गेले. दुसरीकडे जागाच नाही म्हटल्यावर मालक पडक्या घरांना चढे भाडे लावत. गर्दी, रोगराई आणि असुरक्षितता माणसांच्या वर्णातून येत नाही, त्यांना कोंडण्यातून येते, हे वीव्हर यांनी मांडले. १९५५ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याचे भाडे-नियंत्रण प्रमुख झाले.

१९६१ मध्ये केनेडी यांनी त्यांना केंद्रीय गृहनिर्माण संस्थेचे प्रमुख केले. पुढच्या वर्षी या कामासाठी स्वतंत्र मंत्रालय काढायचे ठरले. त्यावर वीव्हर बसणार हे उघड होताच दक्षिणेकडील गोऱ्या खासदारांनी विरोध केला आणि संसदेने प्रस्ताव फेटाळला. अखेर १९६५ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी १९६६ मध्ये वीव्हर गृहनिर्माण व नागरी विकास मंत्री झाले. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील ते पहिले कृष्णवर्णीय.

त्यांच्या कारकिर्दीवर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. शहर नूतनीकरणाच्या नावाखाली असंख्य गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात उठवली गेली. पण १९६५ चीच भाडे-पुरवणी योजनाही त्यांनी पुढे रेटली. कुटुंबाने उत्पन्नाचा चौथा हिस्सा भाड्यापोटी द्यायचा, उरलेले भाडे सरकारने भरायचे. संसदेने तिला पैसा तुटपुंजा दिला आणि वर स्थानिक सत्तेच्या संमतीची अट घातली. म्हणजे गोऱ्या उपनगरांच्या हाती कुलूप गेले! १९६८ मध्ये किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात घर देताना वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. त्यासाठीही वीव्हर झटले होते.

मंत्रिपदानंतर ते अध्यापनाकडे वळले. १७ जुलै १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. २००० मध्ये त्यांच्या मंत्रालयाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले.

१९७४ च्या कायद्यातून पुढे भाड्याचे व्हाऊचर आले. कुटुंब साधारण ३० टक्के उत्पन्न भरते, बाकी सरकार भरते. आज सुमारे २३ लाख कुटुंबे व्हाऊचरवर राहतात. १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात पाच शहरांतील गरीब कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्त्यांत जाण्यासाठी व्हाऊचर दिले गेले. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेल्या मुलांची मोठेपणीची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त भरली, असे २०१५ मध्ये दिसून आले. वस्ती बदलली की पिढी बदलते! पण मदतीस पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांपैकी एकालाच मदत मिळते. आणि व्हाऊचर दाखवताच दार लावणाऱ्या मालकाला केंद्रीय कायदा रोखत नाही. काही राज्ये व शहरेच रोखतात.

आपल्याकडे काय? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला वस्तीत राहू न देणे गुन्हा आहे. पण मालक जात हे कारण तोंडाने सांगतो का? तो आडनाव विचारतो आणि घर आत्ताच गेले म्हणतो. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी घरे मागून हेच तपासले. दलित आणि मुस्लिमांना नकार अधिक मिळतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत अशीच जोडीने घर मागणारी माणसे पाठवून भेदभाव पकडतात. अशा तपासनिसांचा दावा लावण्याचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केला.

म्हणून आमची मागणी नुसत्या भाडे-अनुदानाची असू नये. अनुदानाबरोबर अशी तपासणी सरकारने करावी, आकडे जाहीर करावेत आणि नकाराचा खुलासा देण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. वीव्हर यांनी ठेकेदारांना जी मोजपट्टी लावली, तीच घरमालकांना लागली पाहिजे. ती लावून घेण्यासाठी समाजातील वकिलांनी, कार्यकर्त्यांनी आणि शहरात घर शोधणाऱ्या तरुणांनी आजपासून नकारांची नोंद ठेवायला लागावे.