उरलेला भाऊ : महादजी शिंदे

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे वैभव आम्ही दरबारांत आणि छत्र्यांत पाहतो. त्याच्या मुळाशी चार भावांचे मरण आहे, हे आमच्या तरुण मंडळींस क्वचितच ठाऊक असते.

कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे पाच पुत्र : जयाप्पा, दत्ताजी, ज्योतिबा, तुकोजी व महादजी. ज्योतिबा ओर्छ्याकडे मारले गेले. १७५५ साली नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा छावणीतच घात झाला. १० जानेवारी १७६० रोजी, ऐन संक्रांतीस, यमुनेच्या बुराडी घाटावर नजीबखान व अब्दालीच्या फौजेशी लढता लढता दत्ताजी पडले. त्यांचे अखेरचे उत्तर घरोघरी मुखोद्गत आहे. ते येथे पुन्हा लिहीत नाही. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुकोजी गेले, आणि जयाप्पांचे कोवळे पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले.

त्याच रणातून महादजी पायास जबर जखम होऊन निसटले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांस आपल्या पाणी वाहण्याच्या बैलावर घालून दक्षिणेत आणले, म्हणून ते वाचले. पाय मात्र जन्माचा अधू झाला. सख्खे भाऊ गमावलेल्या महादजींनी या मुसलमान पाणक्यास भाऊ मानले, आणि ते नाते शब्दापुरते ठेवले नाही. त्यास सरदारकी दिली.

मातेच्या कुळावरून आक्षेप निघाले, भाऊबंदकी माजली. तरी १७६८ पर्यंत दौलत महादजींकडे आली. भावांचे स्मरण त्यांच्या ठायी शांत नव्हते. १७७२ साली मराठी फौजा रोहिलखंडात शिरल्या, तेव्हा नजीबखानाची कबरसुद्धा फोडली गेली. मेलेल्याशी वैर धरणे आम्हांस रुचत नाही. परंतु बुराडीचा घाव किती खोल होता, हे त्यावरून कळते.

पुढे १७८८ साली नजीबखानाचा नातू गुलाम कादिर याने बादशहा शहाआलमचे डोळे काढले. त्याच्यावर महादजींनी जी फौज धाडली, तिचा सेनापती राणेखानच होता. ऑक्टोबरात त्याने दिल्ली सोडविली. वर्षअखेर गुलाम कादिर पकडला गेला.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजींचे देहावसान झाले. त्यांनीच उभारलेल्या शिवमंदिराच्या आवारात त्यांची छत्री आहे.