गंधाचा मार्ग शोधणारा काहाल

जाईची वेल दृष्टीस पडण्यापूर्वींच तिचा सुगंध आपणांस तिची वार्ता सांगतो. ही वार्ता नाकांतून मेंदूपर्यंत कोणत्या मार्गानें जाते, हें ज्यानें स्पष्ट करून दाखविलें, त्या सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही मनन करण्यासारखें आहे.

काहालचा जन्म १ मे १८५२ रोजीं पेतिया नांवाच्या डोंगरी खेड्यांत झाला. वडील शस्त्रवैद्य व करड्या शिस्तीचे. मुलगा चित्रकलेचा वेडा व महाव्रात्य. घरीं केलेल्या तोफेनें शेजाऱ्याचें फाटक फोडल्यामुळें त्यास अकराव्या वर्षीं तुरुंगाची हवा खावी लागली. चित्रें काढणें हा वडिलांस निरुपयोगी छंद वाटे. मुलगा अभ्यास करीना, म्हणून त्यांनीं त्यास कांहीं काळ न्हाव्याच्या व चांभाराच्या हाताखालीं ठेविलें. अखेर १८६८ सालीं ते त्यास दफनभूमींत घेऊन गेले आणि तेथील जुन्या हाडांवरून शरीररचना शिकवूं लागले. तीं हाडें चितारतां चितारतां मुलाचें मन वैद्यकांत रमलें.

१८७३ सालीं पदवी मिळवून तो पुढें लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबांत गेला व हिंवतापानें जर्जर होऊन परतला. प्राध्यापक झाल्यावर, १८८७ सालीं, मेंदूंतील पेशी चांदीच्या क्षारानें काळ्या रंगविण्याची कृति त्याच्या पाहण्यांत आली. ती गोल्जी या इटालियन पंडिताची होती. मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचें अखंड जाळें, असें गोल्जीचें मत होतें. काहालनें ती कृति सुधारून कोवळ्या प्राण्यांच्या मेंदूवर वापरली, तेव्हां त्यास प्रत्येक पेशी निराळी दिसली. स्पॅनिश भाषेंतील त्याचे लेख परदेशीं कोणी वाचीना; म्हणून १८८९ सालीं तो स्वतःचें सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन बर्लिनच्या सभेस गेला आणि कोलिकर या नामांकित पंडिताची खात्री पटवून आला.

घ्राणेंद्रियानें त्यास उत्तम पुरावा दिला. नाकाच्या माथ्याच्या अस्तरांतील पेशींचे तंतु चाळणीसारख्या हाडांतून वर चढतात व घ्राणकंदांतील चिमुकल्या गोल गुच्छांत संपतात. तेथें दुसऱ्या पेशींच्या फांद्या त्यांस भेटतात, पण एकजीव होत नाहींत. एका जासुदानें दुसऱ्याच्या हातीं चिठ्ठी द्यावी, तसा संदेश पुढें जातो. १९९१ सालीं लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं गंधग्राहकांचीं जनुकें शोधलीं. मनुष्यांत असे सुमारें ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. एका प्रकारच्या पेशींचे तंतु ठराविक गुच्छांतच जमतात, आणि कोणते गुच्छ जागे झाले यावरून मेंदू जाई कीं धूर हें ओळखतो. मेंदूस प्रत्यक्ष फुलाचा स्पर्श कधींच होत नाहीं; अशा खुणांवरूनच तो बाहेरचें जग जाणतो.

१९०६ सालचें नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांस विभागून मिळालें. गोल्जीनें त्या व्यासपीठावरूनही काहालच्या मतास विरोधच केला. तरी त्याच्याच कृतीनें आपणांस वाट दिसली, हें काहाल विसरला नाहीं. १७ ऑक्टोबर १९३४ रोजीं माद्रिद येथें तो निवर्तला.

त्यानें स्वहस्तें काढलेलीं पेशींचीं चित्रें अद्यापि अभ्यासक आदरानें पाहतात. ज्या छंदापायीं मुलानें वडिलांचा मार खाल्ला, तोच छंद त्यांनींच दाखविलेल्या विद्येस अखेर उपयोगी पडला. मुलांनीं विद्येचा कंटाळा करूं नये व पालकांनीं मुलाची आवड तुच्छ लेखूं नये, हा बोध या चरित्रांतून दोघांनींही घ्यावा.